मुखपाकावरील लेसर-उपचार : पाटण परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

१

वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या शस्त्रक्रिया, नवी औषधे आणि गाजलेले शोध यांची नोंद आवर्जून केली जाते. मूळ रोग बरा न करता रोग्याला उपचार सोसण्याचे बळ देणाऱ्या लहान उपायांची दखल मात्र तेथे क्वचितच घेतली जाते. कर्करोगावरील उपचार चालू असता रोग्याच्या तोंडात उद्भवणारे व्रण आणि त्यांवर केला जाणारा मंद लेसर-प्रकाशाचा उपचार हा असाच एक दुर्लक्षित विषय होय. या उपचाराचा उगम एका फसलेल्या प्रयोगात झाला. त्याला शास्त्रीय मान्यता मिळावयास जवळजवळ अर्धे शतक लागले. आणि ज्या रोग्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचण्याचा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यासारख्या डोंगरी प्रदेशाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ काय, हे पाहणे उद्बोधक ठरते.

मराठीत या विकाराला 'तोंड येणे' असे म्हणतात. घरोघरी त्यावर तूप वा मध लावतात, जाईची पाने चघळावयास देतात, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या करवतात. आणि चार-आठ दिवसांत तोंड बरे होते. प्राचीन वैद्यकातही या विकाराचा विचार सूक्ष्मपणे झालेला आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांचे वर्गीकरण ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशा सात स्थानांनुसार केले आहे. संपूर्ण मुखात पसरणाऱ्या विकारांना तेथे 'सर्वसर' म्हटले असून, त्यांवर कवल, गंडूष व प्रतिसारण, म्हणजे गुळण्या, तोंडात द्रव धरून ठेवणे आणि औषध चोळणे, हे उपाय सांगितले आहेत. 'मुखपाक' ही संज्ञाही याच परंपरेतील आहे.

कर्करोगाच्या रोग्यास होणारा मुखपाक मात्र या घरगुती अनुभवाच्या पलीकडचा असतो. तोंडाच्या आतील श्लेष्मल आवरणाच्या पेशी शरीरातील अतिशय वेगाने नव्या होणाऱ्या पेशींपैकी आहेत. एक-दोन आठवड्यांत हे आवरण जवळजवळ नवे होते. कर्कपेशींच्या जलद वाढीवर आघात करणारी औषधे व किरणे या निरोगी पेशींवरही तोच आघात करतात. मुख व कंठ यांच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड लाल होते, पुढे त्यावर व्रण पडतात व ते एकमेकांत मिसळतात. अस्थिमज्जा-रोपणापूर्वी दिल्या जाणाऱ्या तीव्र औषधांनंतरही हीच अवस्था थोड्याच दिवसांत उद्भवते. त्या वेळी रक्तातील श्वेतपेशी अत्यंत घटलेल्या असतात. त्यामुळे तोंडातील उघडी जखम ही जंतूंना रक्तात शिरण्याची वाटच बनते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये या विकाराच्या शून्य ते चार अशा श्रेणी ठरविल्या. तिसऱ्या श्रेणीत रोगी केवळ पातळ पदार्थ घेऊ शकतो. चौथ्या श्रेणीत तोंडाने काहीच घेता येत नाही.

२

या विकाराचा आधुनिक इतिहास महाराष्ट्रात मुंबईच्या परळ भागापासून सुरू होतो. लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढील वर्षी सर दोराबजी टाटा हेही निवर्तले. त्यांच्या विश्वस्त निधीतून उभारलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते झाले. १९५७ मध्ये हे रुग्णालय केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणोपचाराचे व अणुविज्ञानाचे नाते लक्षात घेता हे हस्तांतर अर्थपूर्ण होते.

या रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्काच्या सलग एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत तुलनेने विरळ असलेला हा रोग येथे किती मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तंबाखू चघळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध कसा पोहोचतो, याकडे त्या काळच्या अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांपुरता मर्यादित असलेला अभ्यास या पाहणीने खेड्यापर्यंत नेला.

या अभ्यासांचा पाटणशी असलेला संबंध दूरचा नाही. कोयना व केरा यांच्या काठी वसलेले पाटण हे कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. तालुक्याचा बराचसा भाग डोंगराळ व तुटपुंज्या शेतीचा. सातारा जिल्ह्यातील असंख्य माणसे विसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत कामास गेली आणि परळ-लालबागच्या चाळींत राहिली. त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडात व्रण उठला तर टाटा स्मारक रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते. गावाकडील आप्ताला ते आणावयाचे झाल्यास उतरावयास खोलीही होती. तंबाखू, चुना, विडी आणि विशेषतः स्त्रियांमध्ये रूढ असलेली मशेरी यांचा पश्चिम महाराष्ट्रातील प्रसार ध्यानी घेतला म्हणजे, या मार्गाने परळला पोहोचणाऱ्या रोग्यांत मुखकर्काचे रोगी का असत हे सहज उमगते. गिरण्या बंद पडत गेल्या तशी ही उतरण्याची सोयही ओसरली. पुढे दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा ही बाहेरगावच्या कर्करोग्यांचा एक मोठा आधार ठरली.

कर्करोगाच्या उपचारांत १९८३ मध्ये एक नवे पर्व सुरू झाले. भारतातील पहिले अस्थिमज्जा-रोपण त्या वर्षी टाटा स्मारक रुग्णालयात करण्यात आले. अमेरिकेतील ई. डोनॉल टॉमस यांनी १९५७ मध्ये प्रथम वर्णिलेली ही पद्धती पाव शतकानंतर भारतात आली. टॉमस यांना तिच्याबद्दल १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. रोपणाबरोबर तीव्र मुखपाकाचा प्रश्नही आला. कारण रोगी मूळ रोगातून वाचावा म्हणून जी औषधे जितक्या मात्रेत द्यावी लागतात, तितक्या मात्रेत ती तोंडाचे आवरण शाबूत ठेवीत नाहीत.

३

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. डेन्मार्कचे नील्स फिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्वचेच्या क्षयावर केंद्रित प्रकाशाचा उपयोग केला आणि त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले. तथापि एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा, सुसंगत प्रकाश मिळविण्याचे साधन १६ मे १९६० रोजी सिद्ध झाले. त्या दिवशी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या दंडापासून पहिला लेसर-किरण मिळविला. त्याच वर्षाच्या अखेरीस अली जवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम व निऑन या वायूंचा लेसर तयार केला. या प्रकारच्या लेसरचा ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश पुढे मुखपाकाच्या उपचारात वापरला गेला.

लेसरच्या इतिहासात महाराष्ट्राचाही एक धागा आहे. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडचा लेसर तयार केला. त्याच्या किरणांची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर आहे. पेशींतील पाणी ती वेगाने शोषून घेते, म्हणून हा किरण शस्त्राप्रमाणे ऊती कापू शकतो. मुखशल्यचिकित्सेत त्याचा पुष्कळ उपयोग झाला. मुखपाकावरील लेसर-उपचार याहून अगदी निराळा आहे. त्यात ऊती तापत नाहीत, कापल्या जात नाहीत आणि रोग्याला फारसे काही जाणवतही नाही. एकाच नावाखाली आलेल्या या दोन उपचारांची गल्लत पुढे गैरसमजास कारण झाली.

मंद लेसरच्या उपचाराचा उगम बुडापेस्ट येथे झाला. शल्यचिकित्सक एन्द्रे मेस्टर यांना बॉस्टनमधील पॉल मॅकगफ यांचा प्रयोग पुन्हा करून पाहावयाचा होता. मॅकगफ यांनी माणिक-लेसरने प्राण्यांतील अर्बुदे नष्ट केल्याचे दाखविले होते. मेस्टर यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या अंगावरील केस काढून, त्वचेखाली अर्बुदे रोवून त्यांवर लेसर टाकला. परंतु त्यांचा लेसर मॅकगफ यांच्या साधनापेक्षा फार दुबळा होता. अर्बुदांवर काहीच परिणाम झाला नाही. मात्र ज्या उंदरांवर किरण पडला होता त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले, असे त्यांना आढळले. मेस्टर यांनी हे निरीक्षण टाकून दिले नाही. पुढील वर्षांत त्यांनी त्वचेच्या जखमांवर आणि दीर्घकाळ न भरणाऱ्या व्रणांवर या मंद किरणाचा प्रयोग केला. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी कोयनेच्या भूकंपाने पाटण तालुका हादरला. ज्या कोयना-खोऱ्याचे नाव त्या दिवशी जगभर गेले, तेथील रोग्यांशी बुडापेस्टच्या या प्रयोगाचा संबंध पुढे येईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही असणे शक्य नव्हते.

मंद प्रकाशाचा पेशींवर परिणाम कसा होतो, याचे स्पष्टीकरण सावकाश सापडत गेले. रशियातील टीना कारू व अन्य संशोधकांच्या कार्यातून असे दिसून आले, की पेशीतील तंतुकणिकांमध्ये असलेले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर तांबडा व अवरक्त-समीपचा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे पेशीतील ऊर्जानिर्मिती वाढते, दाह मंदावतो आणि जखम भरण्याच्या क्रियेस चालना मिळते, असे सामान्यतः मानले जाते. दुसरीकडे अमेरिकेतील स्टीफन सोनिस यांनी मुखपाक म्हणजे केवळ पेशींचा नाश ही जुनी समजूत बदलली. प्रारंभ, संदेशांची वाढ, त्यांचे प्रवर्धन, व्रण आणि भरून येणे अशा पाच अवस्था त्यांनी सांगितल्या. व्रण दिसू लागण्याच्या कितीतरी आधी विकार सुरू झालेला असतो, हा त्यातील महत्त्वाचा बोध. म्हणूनच लेसर-उपचार व्रण पडल्यावर करण्यापेक्षा किरणोपचाराच्या पहिल्या दिवसापासून करणे श्रेयस्कर ठरले.

४

मुखपाकावरील लेसरचे पद्धतशीर प्रयोग फ्रान्समध्ये १९९० नंतरच्या दशकात झाले. १९९७ मध्ये कोवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोपणाच्या तीस रोग्यांवरील आणि १९९९ मध्ये बेन्सादून व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोपचाराच्या तीस रोग्यांवरील चाचण्या प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या चाचणीत तिसऱ्या श्रेणीच्या मुखपाकाचे प्रमाण लेसर न मिळालेल्यांत ३५.२ टक्के, तर लेसर मिळालेल्यांत ७.६ टक्के आढळले. रोग्यांची संख्या लहान असल्याने या आकड्यांवर निर्णायक भिस्त ठेवता येत नव्हती. परंतु पुढील संशोधनाची दिशा त्यांनी निश्चित केली. २००७ मध्ये सिॲटल येथील शुबर्ट व सहकाऱ्यांनी रोपणाच्या सत्तर रोग्यांवरील चाचणीत ६५० व ७८० नॅनोमीटर अशा दोन तरंगलांबींची तुलना केली. त्यांत ६५० नॅनोमीटरचा प्रकाश अधिक उपयुक्त दिसला. अवकाश-संशोधनासाठी विकसित झालेल्या प्रकाश-उत्सर्जी डायोडांचा प्रयोगही अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे रोपणाच्या बालरोग्यांवर करण्यात आला. महाग लेसरऐवजी स्वस्त दिवा चालेल काय, हा त्यामागील प्रश्न गरीब देशांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा होता.

भारतात या विषयावरील ठळक कार्य कर्नाटकाच्या किनारपट्टीवर मणिपाल येथे झाले. २००६ मध्ये मैया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख व कंठ यांच्या कर्करोगाच्या पन्नास रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी हेलियम-निऑन लेसर वापरला. शक्ती १० मिलिवॉट व मात्रा प्रति चौरस सेंटिमीटर १.८ ज्यूल होती. २०१२ मध्ये गौतम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. या संशोधनात भौतिकोपचार-तज्ज्ञांचा पुढाकार होता, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. भारतातील मुखकर्काचे रोगी युरोपातील रोग्यांहून सवयी, पोषण व रोगाची अवस्था या तिन्ही बाबतींत भिन्न असतात. त्यामुळे येथील चाचणीचे मोल केवळ पाश्चात्त्य निष्कर्षाच्या पडताळ्यापुरते राहत नाही.

या सर्व पुराव्याचे संकलन आंतरराष्ट्रीय संघटनांनी केले. कर्करोगातील आधार-उपचार व मुख-अर्बुदशास्त्र यांच्याशी संबंधित दोन संघटनांनी २००४ पासून संयुक्त मार्गदर्शिका तयार केल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत रोपणाच्या रोग्यांसाठी मंद लेसरची शिफारस करण्यात आली. २०२० च्या आवृत्तीत केवळ किरणोपचार घेणाऱ्या आणि किरण व औषधे एकत्र घेणाऱ्या मुख-कंठाच्या रोग्यांनाही ही शिफारस लागू झाली. ब्रिटनच्या राष्ट्रीय संस्थेनेही २०१८ मध्ये या उपचाराविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मेस्टर यांच्या निरीक्षणापासून येथवर ५३ वर्षे लोटली होती.

५

एवढा विलंब का झाला, याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण मात्रेचे. या उपचारात प्रकाश कमी पडला तर परिणाम होत नाही आणि अधिक झाला तर परिणाम उलट मावळतो. निरनिराळ्या संशोधकांनी निरनिराळ्या तरंगलांबी, शक्ती व वेळा वापरल्यामुळे त्यांच्या निष्कर्षांची तुलना करणे दुष्कर झाले. दुसरे कारण नावाचे. 'शीत लेसर', 'मृदू लेसर' अशा नावांनी केस उगवण्यापासून सांधेदुखीपर्यंत नाना दावे झाल्यामुळे गंभीर वैद्यकवर्ग साशंक राहिला. 'प्रकाश-जैवनियमन' या अर्थाची संज्ञा २०१४ नंतर रूढ झाली ती काही अंशी याच संशयाच्या निवारणार्थ. तिसरे कारण मालकीचे. किरणोपचार-तज्ज्ञ, दंतवैद्य, परिचारिका व भौतिकोपचार-तज्ज्ञ या चौघांपैकी हे काम नेमके कोणाचे, हे कोठेच ठरलेले नव्हते.

याशिवाय एक शंका अशी होती, की जो प्रकाश निरोगी पेशींना चेतना देतो तो कर्कपेशींनाही देणार नाही काय? मुखकर्काच्या रोग्यात अर्बुद व व्रण एकाच तोंडात असतात, म्हणून ही शंका रास्त होती. ब्राझीलमधील रोग्यांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यात लेसर मिळालेल्यांची स्थिती इतरांहून वाईट आढळली नाही. तरीही ज्ञात अर्बुदाच्या जागी प्रकाश न टाकण्याची दक्षता घेण्यास सांगितले जाते, आणि ते योग्यच होय.

आता प्रश्न उरतो तो वेळेचा. ४० मिलिवॉट शक्तीच्या साधनाने एका चौरस सेंटिमीटरवर २ ज्यूल ऊर्जा द्यावयाची तर ५० सेकंद लागतात. गाल, ओठ, जीभ, टाळू व जिभेखालचा भाग मिळून तीस बिंदू धरले तर एका रोग्यास एका दिवशी २५ मिनिटे द्यावी लागतात. दिवसाला वीस रोगी असतील, तर एका माणसाचे आठ तासांहून अधिक काम केवळ यासाठी होते. साधनाची किंमत एकदाच भरावी लागते, परंतु हा माणूस रोज हवा असतो. गर्दीच्या रुग्णालयात हा उपचार नित्याचा होत नाही, याचे कारण ज्ञानाच्या अभावापेक्षा या साध्या हिशेबात अधिक आढळते.

पाटणच्या रोग्याच्या दृष्टीने या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मुख-कंठाच्या कर्करोगावरील किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतो. तो मध्येच खंडित झाला, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता वाया गेलेल्या प्रत्येक दिवसागणिक सुमारे १ ते १.४ टक्क्यांनी घटते, असा अंदाज आहे. पाटण खोऱ्यातील वाडीवरचा शेतकरी वा शेतमजूर एस. टी. ने कराडला उतरून पुढे मिरज, कोल्हापूर, पुणे वा मुंबई येथे जातो. मिरजेला वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय स्थापिल्यापासून उपचारार्थ दूरवरून येणाऱ्यांची परंपरा आहे. कराड येथेही १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि चौथ्या आठवड्यात ज्याला भाताची पेजही गिळता येत नाही, तो रोगी 'तोंड बरे झाल्यावर येतो' असे म्हणून गावी परततो. दहा दिवसांनी तो परत आला तर शंभरातील दहा-बारा टक्के आशा वाटेतच सांडलेली असते. आणि पुष्कळदा तो येतच नाही. ज्या मुखपाकाला उपचाराचा किरकोळ उपद्रव मानले जाते, तो येथे उपचाराच्या यशापयशाचा निर्णायक घटक बनतो.

याचा अर्थ लेसर हा एकच उपाय आहे असा नाही. काही औषधांच्या बाबतीत औषध देताना तोंडात बर्फ धरल्याने व्रण कमी होतात. २०२० च्या मार्गदर्शिकेत किरणोपचार घेणाऱ्यांसाठी मधाचाही पर्याय सुचविलेला आहे. आजीबाईच्या बटव्यातील वस्तूला शास्त्रीय चाचणीनंतर असे स्थान मिळावे, हे औचित्यपूर्ण होय. दातांची पूर्वतपासणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वेदनाशमन व पोषण यांवाचून लेसरही एकटा पुरा पडत नाही. परंतु विस्तृत पुराव्याने सिद्ध झालेला व रोग्याला सहसा फारशी इजा न करणारा हा उपचार दंतवैद्य वा भौतिकोपचार-तज्ज्ञ यांच्याकडे निश्चितपणे सोपवून किरणोपचाराच्या दैनंदिन क्रमातच बसविला, तर त्याचा लाभ दूरच्या रोग्याला सर्वाधिक होईल.

विज्ञानाच्या इतिहासात शोधाचा दिनांक सांगणे सोपे असते. तो शोध खेड्यातील माणसापर्यंत कोणत्या दिवशी पोहोचला हे सांगणे अवघड. मेस्टर यांच्या प्रयोगशाळेतून निघालेला तांबडा किरण नीस, सिॲटल व मणिपाल येथून मार्ग काढीत आला आहे. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी राहणारा रोगी किरणोपचाराचा पस्तिसावा दिवस पुरा करून, स्वतःच्या तोंडाने घास घेत घरी परतेल, तेव्हाच या इतिहासाचे हे प्रकरण पूर्ण झाले असे म्हणता येईल.